उमेदवारीची तीन वर्षं

2015 साली जर्मनीत सुमारे नऊ लाख निर्वासित आले. सीरिया, अफगाणिस्तान, इराक इथले, आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा. उस्तादाच्या हाताखाली राबून शिकलेलं कसब अनेकांच्या अंगी होतं, पण त्याचा दाखला नव्हता. जर्मनीत बऱ्याच धंद्यांत दाखल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

हा दाखला उमेदवारी करून मिळतो. तिथे उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात काम करतो आणि उरलेले दिवस व्यवसायशाळेत शिकतो. आपल्याकडे मुलं बहुधा आधी आयटीआय करतात, मग उमेदवारी. तिथे दोन्ही बरोबरच चालतं. काय काम केलं, काय शिकलो, हे उमेदवाराला नियमितपणे वहीत लिहावं लागतं, खाली शिकवणाऱ्याची सही. ती वही पुरी नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. आयुष्यभर उजवीकडून डावीकडे अरबी लिहिलेल्या पोरानं ‘आज वायरिंग तपासलं, फ्यूज बदलला’ हे जर्मनमध्ये लिहायचं!

एवढा घाम गाळल्यावर मायदेशी पाठवणी होणार असेल, तर तो कशाला शिकेल आणि मालक तरी कशाला शिकवेल? म्हणून 2016 मध्ये ‘तीन अधिक दोन’चा नियम आला. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, तरी उमेदवारीची तीन वर्षं आणि त्याच कामात नोकरी मिळाल्यास पुढची दोन वर्षं देशात राहता येतं. मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. बांगलादेशात कॉक्स बाझारच्या छावण्यांत रोहिंग्या निर्वासितांना शिवणकाम शिकवतात, पण बाहेर नोकरी करायची त्यांना मुभा नाही. मग शिकून करायचं काय?

जर्मनीतही ओढाताण आहेच. प्रवासाचं कर्ज डोक्यावर असतं, घरचे पैशांची वाट बघत असतात. 2020 साली उमेदवाराला पहिल्या वर्षी किमान विद्यावेतन होतं महिना 515 युरो. गोदामात पूर्णवेळ खोकी उचलली, तर किमान वेतनानंसुद्धा जवळपास तिप्पट पैसे मिळत. अशा पोराला ‘जरा कळ काढ, आधी शीक’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? विद्यावेतन वाढवल्याशिवाय ते सांगू नये.

2015 मध्ये आलेल्या, कामाच्या वयातल्या निर्वासितांपैकी 64 टक्के लोक 2022 पर्यंत कामाला लागले होते. बायका मात्र फार मागे राहिल्या. कडेवर मूल असेल आणि पाळणाघरात जागा नसेल, तर भाषेच्या वर्गापर्यंतही जाता येत नाही. उमेदवारी तर लांबच. पुढचा पैसा आधी या पाळणाघरांवर खर्च व्हायला हवा.