नहाणीचे पाणी व नगराची तहान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मुंबईच्या विद्यार्थी-वसतिगृहाची पुनर्बांधणी लवकरच सुरू व्हावयाची आहे. तीसंबंधी एक सूचना आपणापुढे मांडावी, एवढाच माझा हेतू आहे. सूचना मोरीच्या पाण्याची आहे. तेव्हा कोणी नाक मुरडल्यास मला नवल वाटणार नाही.

मुंबईस १८६० साली विहार तलावाचे पाणी मिळू लागले. १८९२ साली तानसाचे आले. नगर वाढले तसतसे पाणी अधिकाधिक दुरून आणावे लागले, आणि आज ते बव्हंशी ठाणे, पालघर व नाशिक या जिल्ह्यांतील जलाशयांतून येते. पुष्कळसा प्रवास उताराने होतो हे खरे. तथापि भातसेचे पाणी पिसे येथे पंपांनी उपसावे लागते. ज्या शहापूर तालुक्यातून ते येते, तेथील पाड्यांवरील बायाबापड्या उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. आणि आपण? राष्ट्रीय इमारत संहितेने माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले आहे, त्यांपैकी ४५ लिटर शौचकूपाकरिता. म्हणजे गाळून, निर्जंतुक करून आणलेल्या पेयजलाचा तिसरा हिस्सा आपण तेथे ओततो!

कोकणातील आपल्या वाडवडिलांनी नहाणीचे पाणी कधी दवडले नाही. नहाणीची पन्हळ परसात निघे आणि तिच्या तोंडाशी अळू व केळी हटकून असत. शहरात परस राहिले नाही, म्हणून ते पाणी मैल्यात मिसळू लागले. जपानातील फुकुओका नगरात १९७८ साली भीषण टंचाई पडली, आणि १९८० पासून तेथे शुद्ध केलेले सांडपाणी स्वतंत्र नळाने इमारतींतील शौचकूपांस पुरविले जाऊ लागले. आपण तर केवळ स्नानाच्या व धुण्याच्या पाण्याविषयी बोलत आहोत. काही वडीलधाऱ्यांस त्यात ओवळेपणा वाटतो. परंतु जे पाणी शौचकूपातच जावयाचे, ते आणखी ओवळे व्हावयाचे राहिले कोठे?

योजना साधी आहे. पाणी जाळीतून निवळण्याच्या टाकीत यावे, खडी-वाळूतून गाळले जावे, क्लोरीन घालून निराळ्या टाकीत चढवावे. स्वयंपाकघराचे पाणी त्यात घेऊ नये, कारण तेलातुपाने वाळू चोंदते. एका दिवसाहून अधिक काळ पाणी साठवू नये, नाही तर दुर्गंधी सुटते. नळ वेगळ्या रंगाचा असावा व पिण्याच्या नळाशी त्याचा कोठेही सांधा नसावा; येथे हयगय झाली तर मुलांच्या प्रकृतीशी गाठ आहे. साठ विद्यार्थ्यांचे स्नान माणशी ३० लिटर धरले तरी रोज १,८०० लिटर पाणी हाती येते. शौचकूपांची गरज २,७०० लिटरांची. उरलेला भाग धुण्याच्या पाण्याने बराचसा भरून निघेल.

विजेचा हिशेबही सरळ मांडला पाहिजे. गच्चीवर पाणी चढविण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच, आणि तो थोडा असतो. १,००० लिटर ३० मीटर चढविण्यास पंपाची तूट धरूनही पाव युनिटाच्या आत काम होते. बचत होते ती दूरच्या उपशाची, शुद्धीकरणाची व मैलापाणी वाहून नेण्याची. ती मंडळाच्या बिलात फारशी दिसणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

टाकी लहान व वरूनच साफ करता येईल अशी असावी, याविषयी मात्र माझा आग्रह आहे. गटारात व मैलाटाकीत साधनांवाचून माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहेच. ते काम पिढ्यान् पिढ्या कोणत्या ज्ञातींच्या माथी मारले गेले, हे ज्ञातीच्या नावाने जमणाऱ्या आपण तरी विसरू नये. आपल्या सोयीसाठी अशी आणखी एक टाकी निर्माण व्हावयाची असेल, तर ही सूचना फेटाळलेली बरी.

भिंतींस गिलावा झाल्यावर दुसरा नळ घालणे म्हणजे भिंती फोडणे होय. नकाशा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांस शंका असतील, त्यांनी तो पाहून त्या गिलाव्यापूर्वी चिटणीसांकडे लेखी द्याव्यात.