गाल बसतात तेव्हा

चेहऱ्याचे वय लोक सुरकुत्यांवरून ओळखतात, पण म्हातारपणाची सुरुवात कातडीच्या आत होते. गालांत, कानशिलांत, डोळ्यांखाली चरबीच्या लहान लहान गाद्या असतात. पस्तिशी-चाळिशीनंतर त्यांतल्या काही झिजतात, काही खाली सरकतात. जबड्याचे आणि डोळ्यांच्या खोबणीचे हाडही हळूहळू झिजते, त्वचेतले कोलॅजन कमी होते. ‘गाल बसले’ हा घरोघरचा शब्दप्रयोग शरीरशास्त्राला धरूनच आहे. कवळी काढून ठेवली की आजोबांचे तोंड बोळके दिसते. कातडी तीच, आतला आधार तेवढा गेलेला.

तो आधार सुईने भरून काढणे म्हणजे फिलर. कल्पना जुनी. १८९३ मध्ये जर्मनीतील गुस्टाव नॉयबर यांनी दंडाची चरबी काढून चेहऱ्यावरचे खड्डे भरले. पुढे पॅराफिन टोचण्याची टूम निघाली आणि गाठी होऊन कित्येक चेहरे बिघडले. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कोलॅजनला मान्यता मिळाली. ते काही महिन्यांतच विरून जाई. आजचे बहुतेक फिलर हायलुरॉनिक ॲसिडचे असतात. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांना हा पदार्थ गाईच्या डोळ्यात सापडला. माणसाच्या त्वचेत आणि सांध्यांतही तो असतो आणि पाणी धरून ठेवतो. त्याचे जेल साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते. त्याचा मोठा गुण असा की, हायलुरॉनिडेजचे इंजेक्शन दिले की ते विरघळते. चूक झाली तर मागे फिरता येते.

बोटॉक्स वेगळे. ते स्नायू ढिला करते, म्हणून कपाळावरच्या आठ्यांसाठी. फिलर पोकळी भरतो. एका सिरिंजमध्ये बहुधा १ मिलिलिटर जेल असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. जाणकार डॉक्टर गालाच्या वरच्या भागात थोडेसे भरतात आणि नाकापासून ओठापर्यंतची घडी आपोआप हलकी होते. घडीतच ठासून भरले, तर चेहरा तरुण न दिसता सुजलेला दिसतो.

सूज आणि काळेनिळे डाग ओसरायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे मिरवायचे असेल, तर धनत्रयोदशीला क्लिनिक गाठून उपयोग नाही.

खरा धोका दुसराच. जेल रक्तवाहिनीत शिरले, तर जोराची कळ येते, कातडी पांढरीफटक पडते, मग तिच्यावर निळसर जाळी उमटते. भुवयांच्या मध्ये आणि नाकावर हा धोका अधिक, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. क्वचित दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. अशा वेळी हायलुरॉनिडेज हाताशी लागते आणि ते वापरता येणारा डॉक्टरही. म्हणून हे काम ब्यूटी पार्लरचे नव्हेच.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या श्रोत्यांनी सवलतीच्या पाटीपेक्षा डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधी पाहावा. सिरिंजचे खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि बॅच नंबर आपल्या फाइलमध्ये लिहून घ्यावा.