समजलं का, हे मोजायचं कसं?



साहित्याच्या माणसाने हृदयरोग्यांवर बोलावं, हे काहींना खटकेल. पण आजचा विषय हृदयाचा कमी आणि भाषेचा अधिक आहे. इराणमधल्या फारसीभाषक ‘हार्ट फेल्युअर’च्या पेशंटला डॉक्टरचं सांगणं किती समजलं, हे मोजण्याचा हा प्रश्न आहे.

या आजारात बरंचसं काम पेशंटवरच येतं. रोज सकाळी वजन करायचं, आणि तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर लगेच कळवायचं, कारण ती वाढ चरबीची नसून अंगात साचलेल्या पाण्याची असू शकते. मीठ बेताने खायचं. सूज, धाप यांवर लक्ष ठेवायचं. हे ज्याला समजलं नाही, तो पुन्हा दवाखान्यात भरती होतो.

समज मोजायची एक जुनी इंग्रजी चाचणी आहे, ‘रीअल्म’. वैद्यकातले ६६ शब्द पेशंटने मोठ्याने वाचायचे. इंग्रजी स्पेलिंग बेभरवशाचं असल्याने ओळखीचा शब्दच नीट वाचता येतो, म्हणून ती तिथे चालते. आपल्या देवनागरीत ती फसेल. आपला चौथीतला मुलगाही ‘मूत्रवर्धक’ बिनचूक वाचेल. फारसीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. ‘गोल’ म्हणजे फूल आणि ‘गेल’ म्हणजे चिखल, दोन्हींचं लेखन एकच. म्हणजे चाचणी उचलून दुसऱ्या भाषेत ठेवता येत नाही.

म्हणून पुढे प्रश्नावल्या आल्या. इराणी प्रौढांसाठी ३३ प्रश्नांची एक तिथेच, फारसीत घडली. खास हार्ट फेल्युअरसाठीची १२ प्रश्नांची मोजपट्टी २०१६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाली. ती वाचण्याची, विचारण्याची आणि ऐकलेलं पारखून घेण्याची क्षमता अशा तीन पायऱ्या तपासते. अशी मोजपट्टी दुसऱ्या भाषेत नेताना आधी भाषांतर होतं, मग दुसरा भाषांतरकार ते उलटं मूळ भाषेत आणतो, आणि दोन्ही ताडून पाहतात. माझा आक्षेप इथे आहे. उलट्या भाषांतरात दोन शिकलेली माणसं एकमेकांना समजतात. पेशंट त्यात कुठेच नसतो. त्याला समोर बसवून ‘या वाक्यातून तुम्हांला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारल्याशिवाय बाकीचं गणित पोकळ.

मिठाचंच घ्या. इराणी जेवणात पनीर असतं, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या भाज्या असतात आणि त्यांचं नावच ‘शूर’, म्हणजे खारट. वर ‘दूग’, आपल्या खारट ताकाचा भाऊ. ‘मी मीठ कमी खातो’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मिठाची डबी असते, ताक नसतं. आपल्याकडे लोणचं-पापड खाऊन हेच उत्तर मिळतं.

आता आजाराचं नाव. फारसीत ‘नारसाई-ए-कल्बी’. ‘नारसाई’ म्हणजे न पोहोचणं, कमी पडणं. किती नेमकं! हृदय बंद पडलेलं नाही, कमी पडतंय. आपण ‘हार्ट फेल झालं’ म्हणतो तेव्हा घरचे तिरडीचा विचार करू लागतात.

आणि साक्षरतेला फारसी शब्द आहे ‘सवाद’. मुळात अरबी, अर्थ काळेपणा; कागदावर उमटलेली शाईच म्हणा. आपला ‘मसुदा’ त्याच धातूतून आला. ‘सवाद-ए-सलामत’, म्हणजे आरोग्यसाक्षरता. त्यातलं ‘सलामत’ तुम्हांला सांगायला नकोच. आपला ‘आजार’ही तिथलाच. माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला तो अशा नात्यांसाठीच.

फारसीभाषक म्हणजे सगळे इराणी नव्हेत, हेही लक्षात घ्या. इराणात तुर्की आणि कुर्दी बोलणारी घरं आहेत. काबूलची दरी वेगळी, ताजिकिस्तानात लिपीच सिरिलिक. तब्रीझची म्हातारी घरी अझरी बोलते आणि प्रश्नावली फारसीत भरते, तर आपण तिचं आरोग्यज्ञान मोजतो की फारसी? इंदूरच्या मराठी आजीचं तेच आहे. विचार मराठीत, डॉक्टर हिंदीत, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत.

यंदा एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मी शोधनिबंधाऐवजी एक काम देणार आहे. घरातलं एक डिस्चार्ज कार्ड घ्यायचं, त्यातल्या सूचना मराठीत लिहायच्या, आणि घरातल्याच वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवायच्या. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. ‘उद्या सकाळी उठल्यावर काय कराल?’ असं विचारायचं, आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं उतरवून आणायचं.