परतीच्या वाटेवरचे आप्त



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत आजचा विषय पुस्तकांपासून काहीसा दूरचा वाटण्याचा संभव आहे. परदेशातून घराकडे निघालेला माणूस आणि त्याच्या वाटेवर व वाटेच्या शेवटी राहणारे त्याचे आप्त, असा हा विषय आहे. परंतु गोमंतकात तो ग्रंथालयाच्या दारापासून फार लांब जात नाही. येथल्या एका मुलखावेगळ्या माणसाला घराबाहेर काढले ते एका मराठी मासिकाने, हे पुढे ओघाने येईलच.

गोमंतकीय मनुष्य परदेशी गेला तो एकाच दिशेने नव्हे. पोर्तुगीज राजवटीमुळे लिस्बन आणि मोझांबिकचे दरवाजे उघडे होते. इंग्रजी अमलामुळे मोंबासा, नैरोबी, झांझिबार ही नावे घराघरांत ऐकू येऊ लागली. पुढे तेलाच्या पैशाने कुवेत, बहरीन, दुबई जवळ आणले. जाण्याच्या वाटा अशा अनेक. परतीची वाट मात्र पुष्कळांची मुंबईवरून होती. बोटीतून उतरावे, गिरगावात चुलत्याच्या किंवा आत्याच्या बिऱ्हाडी दोन रात्री काढाव्यात आणि मग गावाकडे निघावे, असा परिपाठ. किनाऱ्याने जाणारी आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला लागे. आगगाडीने जाणारा पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करीत कॅसलरॉकला पोहोचे आणि घाट उतरून कुळ्याला येई. हा मुरगावपर्यंतचा लोहमार्ग १८८८ पासूनचा. १९६१ पूर्वी त्यावर दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे एक जकात, पलीकडे दुसरी. आफ्रिकेतून आणलेल्या ट्रंका दोनदा उघडून दोनदा बांधाव्या लागत.

त्या प्रवासाची दगदग आठवून हळहळण्याचे कारण नाही. ती गेली हे बरेच झाले. मात्र त्या वाटेवरचे मुक्काम केवळ विश्रांतीसाठी नव्हते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चार-पाच वर्षांनी परतणाऱ्या माणसाला घरातले काय काय कळलेले असे? पत्रातून जेवढे लिहिता येई तेवढेच. पत्रात मृत्यू लिहिला जाई, भांडण लिहिले जात नसे. भावाभावांत वाटण्या झाल्या, परसातल्या माडांवरून बोलणे बंद झाले, धाकट्या बहिणीचे लग्न जमता जमता मोडले, हे सारे गिरगावच्या बिऱ्हाडी किंवा बेळगावच्या फलाटावर कळे. डबा घेऊन गाडीवर आलेली मावशी चार घास खाऊ घालता घालता हलक्या आवाजात सांगे की, "घरी गेल्यावर दादांकडे जमिनीचा विषय काढू नकोस हो." उंबरठा ओलांडण्यापूर्वी माणसाच्या मनाची अशी तयारी करून घेण्याचे काम दूरचे नातेवाईक करीत. ते घरातले नव्हते म्हणूनच त्यांना ते करता येई.

दूर गेलेल्या माणसाचा विचार आपल्या पूर्वजांनीही केलेला दिसतो. आप्ताच्या मृत्यूची वार्ता सुतकाचे दिवस उलटून गेल्यावर कळली तर काय करावे, यासाठी धर्मशास्त्रात 'अतिक्रांताशौच' असे स्वतंत्र प्रकरण आहे. सुतकाच्या त्या नियमांवर आज कोणाचा विश्वास असो वा नसो, शोक उशिरा पोहोचला तरी त्याला जागा दिली पाहिजे, ही समजूत त्यामागे आहे. ती परदेशस्थांच्या घरांत आजही उपयोगी पडावी.

ही वाट एकदा साफ बंदही झाली. १९५५ च्या ऑगस्टमधील सत्याग्रहानंतर सरहद्द मिटली, गाडी थांबली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत बेळगावची मावशी आणि मडगावची भाची यांच्यामध्ये मोंबासापेक्षाही मोठे अंतर पडले. सहा वर्षे. त्या काळात जन्मलेल्या मुलांनी मामाचे घर प्रथम पाहिले ते शाळेत जाऊ लागल्यावर.

मुक्कामांविषयी एवढे पुरे. परतणाऱ्याच्या खऱ्या कसोटीचा प्रश्न वाटेच्या शेवटी असतो, आणि तो समजून घेण्यासाठी धर्मानंद कोसंबी यांच्याइतके बोलके उदाहरण गोमंतकात दुसरे नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, साखवाळचा. रीतसर शिक्षण बेताचेच. लहान वयातच बाळाबाईंशी विवाह झालेला. 'बालबोधमेवा' हे मिशनऱ्यांनी मुलांसाठी चालविलेले मराठी मासिक. त्यातील बुद्धचरित्रावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या तरुणाला दुसरे काही सुचेनासे झाले. मुलांच्या मासिकातील एका लेखाने संसारी माणसाचे घर सुटावे, ही घटना ग्रंथालयांनी अभिमानाने सांगावी की थोडी भीत भीत सांगावी, याचा निर्णय करणे कठीण आहे. १८९९ च्या अखेरीस त्यांनी गाव सोडले तेव्हा घरात पत्नी होती आणि माणिक ही तान्ही मुलगी होती.

पुढचा प्रवास त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात सांगितला आहे. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन. बौद्धधर्म जिवंत सापडेल या आशेने नेपाळ, आणि तेथे पदरी आलेली निराशा. १९०२ मध्ये सिंहलद्वीप. तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे शिक्षण आणि श्रामणेरदीक्षा. मग ब्रह्मदेश, आणि पुन्हा उत्तरेकडील बौद्ध तीर्थे. पैशाचे पाठबळ नाही, प्रकृती धड नाही, भाषा प्रत्येक ठिकाणी निराळी. मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ झाली. इतक्या कमी सामानात इतका लांबचा प्रवास केलेला लेखक क्वचितच आढळेल.

१९०६ साली कलकत्त्यात त्यांनी चीवर उतरविले आणि पाली शिकविण्याचे काम पत्करले. त्याच वर्षी ते गोव्यास येऊन पत्नीला आणि मुलीला भेटले. मध्ये जवळजवळ सात वर्षे गेली होती. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, पुत्र दामोदर याचा जन्म झाला. हाच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झालेला दा. ध. कोसंबी.

या भेटीकडे चरित्रकार बहुधा घाईने पाहतात, कारण पुढे हार्वर्ड आहे, फर्ग्युसन कॉलेज आहे, 'भगवान बुद्ध' सारखा ग्रंथ आहे. पण क्षणभर साखवाळच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? भिक्षूचे वस्त्र अंगावर असते तर हा मनुष्य अंगणात येऊन, भिक्षा घेऊन, निघूनही जाऊ शकला असता. स्थविरवादी संघात भिक्षुपद सोडण्याची मुभा आहे. तरी ज्या दीक्षेसाठी समुद्र ओलांडला ती उतरवून ठेवून गृहस्थ म्हणून घरी परतणे सोपे नव्हे. धर्मानंदांच्या थोरवीच्या गोष्टींत ही गोष्ट वरच्या क्रमाने मोजावी लागेल. त्यांनी ज्या विद्येसाठी घर सोडले होते, त्या विद्येतच या प्रसंगाचा पूर्वदाखला होता हेही ध्यानात घ्यावे. विनयपिटकाच्या महावग्गात बुद्ध कपिलवस्तूला परत येतो तेव्हा राहुलमाता मुलाला पुढे करून सांगते की, हे तुझे वडील, यांच्याकडे आपला वारसा माग. वारसा म्हणून राहुलाला प्रव्रज्याच मिळते. त्यावर वृद्ध शुद्धोदन कळवळून मागणे मागतो की, यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कोणा मुलाला दीक्षा देऊ नये. आणि तसा नियम होतो. घरी राहिलेल्यांच्या दुःखातून संघाचा एक नियम निघाला. हा पाठ ज्याला मुळातून वाचता येत होता तो मनुष्य सहा-सात वर्षांच्या माणिकपुढे उभा राहिला तेव्हा त्याला काय वाटले असेल, याची कल्पना श्रोत्यांनी आपापल्या मनाशी करावी.

आणि बाळाबाई? सात वर्षे त्यांनी कशी काढली, परतलेल्या पतीला पहिला प्रश्न कोणता विचारला, की काहीच विचारले नाही? 'निवेदन' धर्मानंदांचे आहे. बाळाबाईंच्या नावावर असे पुस्तक नाही.

१९०६ च्या भेटीने सारे सुरळीत झाले असे मानणेही भाबडेपणाचे होईल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले तेव्हा धर्मानंद कलकत्त्याची नोकरी सोडून महाराष्ट्रात आले. घर त्यामुळे जवळ आले. पण १९१० मध्ये विसुद्धिमग्गाच्या संशोधित आवृत्तीसाठी हार्वर्डचे बोलावणे आले आणि ते पुन्हा निघाले. १९१२ मध्ये परतल्यावर पुण्यात फर्ग्युसनमधील पालीच्या अध्यापनाची सहा वर्षे मिळाली, तोच १९१८ मध्ये पुन्हा अमेरिका. या वेळी माणिक आणि दामोदर वडिलांबरोबर गेले. बाळाबाई मागे राहिल्या. आता त्यांना दोन मुलांच्याही पत्रांची वाट पाहायची होती. परतणे ही एकदाच उरकण्याची गोष्ट नसते, हे या कुटुंबाच्या इतिहासात वारंवार दिसते.

परदेशी गेलेल्या माणसाचे नाते टिकते कशाने, याचे उत्तर या कथेतच आहे: ते मागे राहिलेल्या माणसांनी टिकविलेले असते, आणि मागे राहणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा. तरीही आपल्या नोंदी काय सांगतात? ग्रंथालयाच्या कपाटात कुलवृत्तांतांचे जाडजूड खंड आहेत. टोरांटोहून किंवा लंडनहून सुट्टीवर आलेला तिशीतला नातू हल्ली ते मागून घेतो, बोट फिरवीत पणज्यापर्यंत पोहोचतो आणि आनंदतो. आनंद खरा आहे. पण त्या वंशवृक्षांत मुलग्यांच्या फांद्या पुढे वाढत जातात आणि मुलींच्या लग्नापाशी तुटतात. जुन्या वृत्तांतांत सुनेचे सासरचे नाव सापडते, माहेरचे नाव असलेच तर कंसात. बेळगावची मावशी कोणत्याच वृक्षावर नाही. डबा घेऊन फलाटावर येणारी सर्व माणसे अशी नोंदीबाहेरची होती.

कुलदैवतांच्या देवळांत थोडे अधिक सापडते. सोळाव्या शतकात मूर्तिभंजनाच्या भयाने कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला नेण्यात आली. कुळेही पांगली, काही कारवार-मंगळूर-कोचीपर्यंत गेली. ज्याचे गावातले घर पडले, ज्याला कोकणी चार वाक्यांपलीकडे येत नाही, असा परदेशस्थ वंशज आजही देवळात येऊन गोत्र आणि मूळ गाव सांगतो, आणि शेजारच्या ओळीत नैवेद्याला बसलेले कुटुंब आपल्याच मुळाचे निघते. मात्र तेथेही पुसले जाते ते बापाचे कूळ. आईचे गाव कोणते हा प्रश्न सहसा निघत नाही.

आता परतीची वाट एका रात्रीची झाली आहे. आखाताकडून येणारे विमान दाबोळीला उतरते, २०२३ पासून मोपालाही उतरते, आणि तासाभरात माणूस स्वतःच्या अंगणात असतो. मधले मुक्काम संपले. यात तोटाच झाला असे म्हणणाऱ्यांशी सहमत होणे कठीण आहे. आज दुबईतला बाप रोज रात्री मुलीचा चेहरा पडद्यावर पाहतो आणि तिचा पाढा ऐकतो. माणिकला बाप सहा-सात वर्षे केवळ नावाने ठाऊक होता. पण पंधरा दिवसांच्या रजेत आईवडील, बँक आणि दंतवैद्य एवढेच मावतात. बेळगावच्या घरी छायाचित्र जाते, माणूस जात नाही; आणि पडद्यावर पत्राप्रमाणेच भांडण सांगितले जात नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या नाताळात किंवा मे महिन्यात कोणी परदेशातून येणार असेल त्यांनी त्याच्या रजेतले दोन दिवस आधीच मागून घ्यावेत आणि त्याला गाडीत घालून आत्या-मावश्यांकडे न्यावे. जाताना त्याच्या हाती कागद द्यावा. तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे गाव, ती लग्नापूर्वी कोणत्या घरात वाढली, कोणाच्या पत्रांना तिने उत्तरे लिहिली, कोणती पत्रे अजून ट्रंकेत आहेत, एवढे त्याने विचारून लिहून आणावे. ट्रंक बहुधा माळ्यावर असते आणि ती काढायला तरुण माणूस लागतो. ग्रंथालयाने या टिपणांसाठी कुलवृत्तांतांच्याच कपाटात एक कोरी, चांगल्या बांधणीची वही ठेवावी. पहिल्या पानावर कोणाचे नाव यावे हे सभासदांनी ठरवावे. ते एखाद्या आजीचे असावे, इतकीच सूचना आहे.