नव्या मोटारीचें पहिलें वर्ष



दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया आली कीं नाशकांतील मोटारींच्या शोरूमपुढें गर्दी होते. नवी मोटार दारांत येते, तिला हळदकुंकू वाहिलें जातें, चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, आणि पुष्कळ घरांत त्याच आठवड्यांत सगळें कुटुंब तींत बसून त्र्यंबकेश्वराला, वणीच्या गडावर अथवा शिर्डीला निघतें. यांत गैर कांहींच नाहीं. खंडेनवमीला आपण हत्यारें-अवजारें पुसून त्यांची पूजा करतों. ज्या वस्तूवर आपलें काम आणि कधीं कधीं आपला जीव अवलंबून असतो, तिची निगा राखावी, हाच त्यामागील विचार आहे. परंतु पूजा झाल्यावर जी रोजची निगा सुरू व्हावयाची, तिच्याविषयीं सुशिक्षित घरांतूनही दोन टोकांचे समज आढळतात.

पहिला समज वडीलधाऱ्यांचा. नव्या इंजिनांतील तेल पहिल्या पांचशें किंवा हजार किलोमीटरनंतर काढून टाकलेंच पाहिजे, मग मोटारीबरोबर आलेली पुस्तिका कांहींही सांगो. दुसरा समज तरुण मंडळींचा. हल्लींच्या मोटारींना वर्षभर कांहींच लागत नाहीं. महिन्याभरांत तपासणीस बोलावणें ही गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची युक्ति आहे. पहिल्या समजांत काळजी आहे, पण ती जुन्या काळच्या यंत्राची. दुसऱ्यांत विश्वास आहे, पण तो न तपासलेला. दोहोंची किंमत अखेर मालकालाच द्यावी लागते.

वडीलधाऱ्यांचा समज निराधार मात्र नव्हता. आपल्याकडे वंगण हा शब्द मोटारीहून पुष्कळ जुना आहे. बैलगाडीखालीं वंगणाचा नळा टांगलेला असे, आणि चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरून आंसाला वंगण लावी. मोटारीचें तंत्र निराळें, पण गरज तीच. फियाट आणि अँबॅसडर या मोटारींच्या जमान्यांत नव्या इंजिनाचे भाग आजच्याइतके नेमके उतरत नसत. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून बसेपर्यंत धातूचे कण सुटत आणि ते तेलांत उतरत. त्या काळचें तेलही साधें असे. म्हणून पहिल्या कांहीं शें किलोमीटरनंतर तें काढून टाकीत आणि तोंवर वेगही बेताचा ठेवीत. इंग्लंडांत तर ‘इंजिन नवें आहे, कृपया पुढें जा’ अशा अर्थाची पाटी मागच्या कांचेवर लावण्याचा प्रघात होता.

हें चित्र पालटलें तें कारखान्यांत, आणि त्याचें उदाहरण शोधण्यास नाशिककरांना दूर जावयास नको. सातपूरला महिंद्राचा मोटारींचा कारखाना आहे. २००२ सालीं बाजारांत आलेली स्कॉर्पिओ येथेंच तयार झाली. त्याच भागांत बॉशचा कारखाना आहे. २००८ सालीं त्या कंपनीचें नांव बदललें, तरी आपण अजून त्याला मायकोच म्हणतों, आणि मायको सर्कल हें नांवही तसेंच राहिलें आहे. डिझेल इंजिनांत इंधनाचा फवारा सोडणारे नोझल तेथें तयार होतात. नोझलमधील सुई आणि तिचें घर यांच्यांतील फट मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावी लागते. माणसाचा केस तिच्याहून कित्येक पट जाड असतो. ज्या उद्योगाला इतकें नेमकें माप साधतें, त्याला पिस्टन आणि सिलिंडरही पूर्वींपेक्षां पुष्कळ नेमके करतां येतात. कण आजही सुटतात, परंतु ते थोडे असतात, आणि त्यांतील मोठे कण फिल्टर अडवितो. म्हणूनच हल्लींच्या बहुतेक पुस्तिकांत पहिल्या महिन्याच्या भेटींत तेल तपासावें एवढेंच असतें. तें बदलण्याची वेळ पुष्कळ मोटारींत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हांची असते. कांहीं निर्माते याहून लवकरची वेळ सांगतात. शेजाऱ्याच्या मोटारीचा नियम आपल्या मोटारीला लावूं नये. आपल्याला आपलीच पुस्तिका प्रमाण.

मग पहिल्या हजार किलोमीटरांत जपावयाचें तें काय? सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यांत मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडलेल्या असतात. त्यांत तेल धरून राहतें आणि रिंगा त्यांवर हळूहळू नीट बसतात. हें काम रस्त्यावरच पुरें होतें, आणि त्यासाठीं वेग कमीजास्त होत राहणें हिताचें असतें. एकाच वेगानें तासन्‌तास धांवणें या दिवसांत टाळावें. नाशिककरांच्या तर हा मोह आतां दाराशींच आला आहे. समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. सपाट भागांत मोटारींना तेथें ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. नवी मोटार पहिल्याच आठवड्यांत या रस्त्यानें एका दमांत नागपूरला नेणें म्हणजे शाळेंत नुकत्याच आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशीं वार्षिक परीक्षेला बसविणें होय. तीच गोष्ट घाटाची. कसाऱ्याचा घाट किंवा सप्तशृंगीचा गड चढतांना मोटार माणसांनीं आणि सामानानें भरलेली असेल, तर ती वरच्या गिअरमध्यें रखडवीत नेऊं नये. वेळीच खालचा गिअर घ्यावा.

ब्रेक आणि टायर यांनाही हे दिवस नवेच असतात. ब्रेकचे पॅड डिस्कवर पुरते बसण्यास कांहीं शें किलोमीटर लागतात. नव्या टायरचा पृष्ठभागही आरंभीं गुळगुळीत असतो. पहिलीं शंभर-दोनशें किलोमीटर त्याची रस्त्यावरील पकड पूर्ण नसते. आषाढांतल्या पावसांत नवी मोटार घेऊन इगतपुरीकडे निघणाऱ्यानें पुढच्या वाहनापासून नेहमींहून अधिक अंतर ठेवावें. इंजिन बिघडलें तर पैसे जातात. येथें चूक झाली तर त्याहून मोठें कांहीं जातें.

पहिल्या तपासणीचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल. पुष्कळ निर्माते ती एक महिना किंवा एक हजार किलोमीटर या सुमारास ठेवतात. तींत तेल बदलावयाचें नसलें तरी पाहण्यासारखें पुष्कळ असतें. रस्त्याच्या धक्क्यांनीं चाकांचे नट सैल झाले आहेत काय, खालीं कोठें तेलाची किंवा कूलंटची गळती आहे काय, ब्रेक ऑइलची पातळी योग्य आहे काय, बॅटरीचीं टोकें घट्ट आहेत काय, मोटार सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते काय, हें सारें जाणत्या माणसानें खालीं वांकून पाहावें लागतें. कारखान्यांत राहून गेलेला एखादा दोष असेल, तर तो याच वेळीं लहान असतो.

या कामांत मालकाचाही वांटा आहे. ‘गाडींतून आवाज येतो’ एवढ्या तक्रारीवर कोणताही कारागीर कांहीं करूं शकत नाहीं. सकाळीं इंजिन थंड असतांना, दुसऱ्या गिअरमध्यें, पुढच्या डाव्या बाजूनें आवाज येतो, असें सांगितलें म्हणजे निम्मी तपासणी झालीच. यासाठीं मोटारींत एक लहान वही ठेवावी, आणि जें खटकेल तें त्याच दिवशीं तारीख व किलोमीटर घालून टिपावें. तपासणीस जातांना ती वही न्यावी, तक्रारी जॉब कार्डावर लिहवून घ्याव्या, आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

आतां ‘जें आधीं येईल तें’ या शब्दांकडे वळूं. पुस्तिकेंतील हे सर्वांत महत्त्वाचे शब्द, आणि सर्वांत दुर्लक्षितही. गंगापूर रोडवरील एखादें निवृत्त दांपत्य डोळ्यांसमोर आणा. कधीं पंचवटींत दर्शन, कधीं भाजीबाजार, कधीं डॉक्टर. महिन्याचें धांवणें दीडशें किलोमीटर. वर्षाचे झाले अठराशें. या हिशोबानें दहा हजार किलोमीटर भरण्यास साडेपांच वर्षें लागतील, आणि तोंवर तेलाला हात लावण्याचें कारण नाहीं, असें त्यांना वाटतें. वस्तुतः अशाच मोटारीचें तेल लवकर बिघडतें. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत तेल पुरतें तापतच नाहीं. इंजिनांत धरलेला दमटपणा आणि न जळलेलें इंधन उडून जावयाचें तें तेलांतच राहतें, आणि त्यांतून आम्ल व गाळ तयार होतो. म्हणून किलोमीटर भरले नाहींत तरी वर्ष भरतांच तेल व त्याचा फिल्टर बदलावा, आणि पंधरवड्यांतून एकदां तरी मोटार अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी. सांगितलेल्या सर्व्हिसिंग चुकल्या आणि त्यामुळें कांहीं बिघडलें, तर वॉरंटी नाकारली जाऊं शकते. ‘गाडी फारशी चाललीच नाहीं’ हें उत्तर तेथें चालत नाहीं.

तेलाचा रंग पाहून निर्णय करणारे लोकही आहेत. डिझेल इंजिनाचें तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळें होतें. तें बिघडलें म्हणून नव्हे. काजळी आपल्यांत धरून ठेवण्याचे गुण त्यांत मुद्दाम घातलेले असतात, म्हणून. रंगापेक्षां पातळी पाहावी. मोटार सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबावें, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हां पुरती आंत घालून मग पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. कमी असेल तर चिंता आहेच, पण वाढलेलें दिसलें तरी ती शुभ खूण नव्हे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारा फिल्टर आला. अडलेली काजळी जाळण्यासाठीं इंजिन अधूनमधून जादा डिझेल घेतें. तें काम चालू असतांच मोटार वारंवार बंद केली गेली, तर त्यांतील कांहीं डिझेल तेलांत उतरतें, तेल पातळ होतें आणि पातळी चढते. असें दिसतांच वर्कशॉप गाठावें. तेलाच्या डब्यावरील ५डब्ल्यू-३० यांसारख्या आंकड्यांचेंही तसेंच. पहिला आंकडा थंडींत तेल कितपत वाहतें तें सांगतो, दुसरा तें तापल्यावर कितपत दाट राहतें तें. ‘दाट तेल चांगलें’ हा जुना हिशोब आतां धरूं नये. पुस्तिकेंत असेल तोच आंकडा घ्यावा.

पहिल्या वर्षांतील तपासण्या फुकट म्हणतात, त्याचा अर्थ बहुधा मजुरी फुकट असा असतो. तेल आणि फिल्टर यांचे पैसे द्यावे लागतात. तें रास्तच आहे. परंतु त्याबरोबर इंजिन आंतून धुण्याचें औषध, तेलांत घालावयाचें पूरक द्रव्य, आणखी कसलासा लेप, अशी यादी पुढें आली, तर भांडूं नये आणि भुलूंही नये. ‘हें पुस्तिकेंत कोठें सांगितलें आहे?’ एवढा एकच प्रश्न नम्रपणें विचारावा. पान दाखविलें तर पैसे द्यावे. न दाखविलें तर नको म्हणावें.

इतकें सांगूनही एखाद्या वडिलांना पहिलें तेल लवकर बदलल्यावांचून चैन पडत नसेल, तर योग्य प्रकारचें तेल घालून तें खुशाल बदलावें. इंजिनाला अपाय नाहीं. भार पडेल तो खिशावर. मात्र तें अंगणांत स्वतः काढून गटारांत सोडण्याचें पाप करूं नये. जळकें तेल कायद्यानें घातक कचऱ्यांत गणलें जातें. आपल्या शहरांतील नाल्यांचें पाणी नासर्डींतून, जिला आपण नंदिनीही म्हणतों, गोदावरीला मिळतें. ज्या रामकुंडावर आपण स्नानाला जातों, त्या नदीला आपणच तेल पाजूं नये. तेल बदलावयाचें तें वर्कशॉपमध्येंच बदलावें, आणि जुनें तेल गोळा होतें कीं नाहीं हें विचारावें.

विजेवर चालणाऱ्या मोटारींना इंजिनचें तेल नसतें, म्हणून त्यांच्या मालकांना हें भाषण आपल्यासाठीं नाहीं असें वाटेल. पण ब्रेक, टायर, कूलंट आणि चाकांचे नट त्यांनाही आहेत. पहिली तपासणी त्यांनींही चुकवूं नये.

सारांश, नव्या मोटारीची पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवींतून बाहेरच निघत नाहीं. ती आज संध्याकाळीं बाहेर काढा. सर्व्हिसिंगच्या तक्त्याचें पान शोधा, आपल्या मोटारीची तारीख आणि किलोमीटर त्याच्याशीं ताडून पाहा, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. या कामाला अर्धा तास लागेल, आणि मोटार पुढें कित्येक वर्षें त्याची फेड करीत राहील.