रात्री एकचा कार्यक्रम

आजचा एपिसोड जालन्याहून, एमआयडीसीजवळच्या आमच्या घरातून रेकॉर्ड करतोय. मागं गाड्यांचा आवाज आला तर सांभाळून घ्या, सळई भरलेले ट्रक रात्रभर चालूच असतात इथं.

पप्पा रोलिंग मिलमध्ये होते. दुसरी पाळी संपवून घरी यायला साडेबारा व्हायचे. दिवसभर भट्टीची धग खाल्लेल्या माणसाला लगेच झोप लागत नाही. मग जेवण करून, आवाज बारीक करून टीव्ही. त्या वेळी सिरियल संपलेल्या असतात आणि निम्म्या चॅनलवर एकच सीन असतो: सोफा, फुलदाणी, सूत्रसंचालिका आणि समोर 'गुरुजी' नाहीतर 'डॉक्टर'. ती प्रश्न विचारते, ते उत्तर देतात. मध्येच नाशिकहून कोणाचा तरी फोन येतो, 'मला फरक पडला हो!' अर्धा तास हेच.

ही जाहिरात असते. अख्खा अर्धा तास विकत घेतलेला. मध्यरात्री बघणारे कमी, म्हणून ती वेळ चॅनलकडून स्वस्तात मिळते. अमेरिकेत 1984 साली टीव्हीवर किती मिनिटं जाहिरात दाखवायची याची मर्यादा काढली आणि तिकडं हा धंदा फोफावला. आपल्याकडं मर्यादा आहे, तासाला 12 मिनिटं. पण तो नियम कार्यक्रमातल्या जाहिरातींचा. कार्यक्रमच जाहिरात असेल तर काय मोजणार? त्याच नियमावलीत असंही लिहिलंय की जाहिरात ही कार्यक्रमापेक्षा स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे. आता तो सोफा आठवा.

2016 मध्ये मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो तर देवघरात एक तांब्याचं यंत्र. साडेतीन हजार रुपये, पार्सल घेताना रोख दिलेले. पप्पांचा त्या महिन्याचा ओव्हरटाइम त्यात गेला होता. मी शहाणपणा केला, म्हणालो, "पप्पा, ती जाहिरात होती. फोन करणारेसुद्धा त्यांचेच असतात."

पप्पा म्हणाले, "आरं, जाहिरात दोन मिन्टाची असती. हे तर अर्धा तास समजावून सांगायलेत. खोटं असतं तर टीव्हीवाल्यांनी बसू दिलं असतं का त्याला?"

मी हसलो. आजही त्याची लाज वाटते. कारण पप्पांचं लॉजिक चुकीचं नव्हतं. त्यांच्या पिढीनं टीव्ही दूरदर्शनवर शिकला. 'आमची माती, आमची माणसं' लागायचं, त्यात कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ खुर्चीत बसून कापसावरच्या किडीचं सांगायचे आणि गावाकडं आमचे आजोबा त्याप्रमाणं फवारणी करायचे. खुर्चीत बसून शांतपणे उत्तर देणारा माणूस म्हणजे खात्रीचा माणूस, हे त्यांनी अनुभवानं पक्कं केलं होतं. या लोकांनी वस्तू विकायच्या आधी ती खुर्ची ढापली. प्रॉडक्ट नंतर येतं. फिशिंग वेबसाइट बँकेचा लोगो लावते, तेच हे, फक्त लोगोच्या जागी सोफा.

आणि ते 'पुढच्या दहा मिनिटांत फोन करा'चं घड्याळ! मी स्वतः एका शॉपिंग साइटसाठी असा टायमर लिहिलाय. पेज रिफ्रेश केलं की परत दहा मिनिटं. असो.

आता या गोष्टीत आमच्या शेजारचा एक माणूस येतो. तेव्हाचं औरंगाबाद, इथून साठेक किलोमीटर. तिथल्या राजेंद्र अंभोरे नावाच्या शिक्षकांनी 2015 साली अशाच यंत्राच्या जाहिराती टीव्हीवर पाहिल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका टाकली. निकाल 5 जानेवारी 2021 ला लागला. चमत्कारी गुण सांगून यंत्रं विकणं आणि त्यांची जाहिरात करणं हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसत नाही, बेकायदा आहे, असं कोर्टानं सांगितलं. अशा जाहिराती राज्यात दिसू नयेत म्हणून यंत्रणा उभी करा, असा आदेशही दिला. या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एका शिक्षकाला हे करावंसं वाटलं, मला घरात वस्तू येऊनही वाटलं नाही. मी फक्त पप्पांना हसलो.

निकालात पकड आहे ती चमत्काराच्या दाव्यावर. सोफ्यावर नाही. म्हणून तोच सोफा आता गुडघ्याचं तेल विकतो, शुगरची पावडर विकतो. खरं तर शुगर बरी करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. आणि आपल्या मोबाइलवर तोच सोफा 'पॉडकास्ट' म्हणून येतो: दोन माइक, मागं निऑन लाइट, एक तासाच्या गप्पा आणि चाळिसाव्या मिनिटाला एक ॲप. पैसे घेतले असतील तर तसं लेबल लावा, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या संस्थेनं 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी काढलेत. लेबल असतं, पण डिस्क्रिप्शनमध्ये 'मोअर' दाबल्यावर.

तुमच्या घरात असं काही आलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. यंत्र-ताईत असेल तर पोलीस ठाण्यात जा, या कायद्यासाठी दक्षता अधिकारी पोलिसांतलेच असतात. बिल आणि पार्सलवरचा पत्ता फेकू नका. आम्ही फेकला होता.

पप्पा आता रिटायर झालेत. यंत्र अजून देवघरातच आहे, आई रोज पुसते. परवा पप्पा मोबाइल घेऊन आले, कोणी डॉक्टर माइकसमोर बसून बोलत होता. मला विचारलं, "ह्याला कोणी पैसे दिलेत का, कुठं बघायचं असतं?" मी दाखवलं. शोधायला मलाच दोन मिनिटं लागली.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.