बॅटरी किती भरायची, हे ठरवणार कोण?



पत्रिकेत माझा विषय 'मुक्त संगणक प्रणाली' असा छापलाय. लिनक्स म्हणजे काय, ते फुकट कसं मिळतं, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. ते सोडून मी थेट विजेवर येतो. यंत्र आपलं असेल, तर त्याची वीज कधी खर्चायची आणि कधी राखायची हेही आपणच ठरवलं पाहिजे. हा माझा हट्ट समजा.

2007 पर्यंत लिनक्सचा संगणक रिकामा बसला तरी प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा जागं केलं जायचं. त्या वर्षी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ही सवय मोडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी इंटेलनं पॉवरटॉप आणलं. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला किती वेळा उठवतो, हे ते नावानिशी दाखवतं. चोराचं नाव कळल्यावर बंदोबस्त सोपा.

मग टीएलपी, हा लिनक्सवर वीज राखणारा प्रोग्रॅम. त्याच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बऱ्याच थिंकपॅड लॅपटॉपसाठी दोन आकडे लिहिता येतात. बॅटरी 75 टक्क्यांच्या खाली असेल तरच चार्जिंग सुरू, 80 ला बंद. लिथियमची बॅटरी सतत शंभरावर ठेवली आणि त्यात उन्हाळ्याचा ताप, की ती लवकर थकते.

(मागून आवाज : "आमची लाईट ऐंशीवर थांबत न्हाई, डायरेक शून्यावर येती!" हशा.)

अगदी बरोबर बोललात! जिथं लाईट जात नाही तिथं 80 ठीक. आपल्याकडं भारनियमनाच्या आधी बॅटरी काठोकाठ हवी. त्यासाठी 'टीएलपी फुलचार्ज' अशी आज्ञा आहे. तेवढ्यापुरती मर्यादा बाजूला ठेवून ती बॅटरी पूर्ण भरते.

कळ आपल्या हातात नसली की काय होतं, हे टेंभू उपसा सिंचन योजनेवरून तुम्हा कडेगावकरांना मी काय सांगावं? कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून पार आटपाडीपर्यंत चढवायचं. पण वीजबिल थकलं की पंप बंद. पाणी नदीत, कालवा कोरडा, पीक डोळ्यांदेखत वाळतंय आणि कळ दुसऱ्याच्या हातात. पुढं बिलाचे 81 टक्के शासनानं आणि 19 टक्के लाभधारकांनी भरायचं ठरलं. पाण्याइतकंच कळीला महत्त्व आहे, हे या तालुक्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. संगणकाची झोप आणि हायबरनेट हे विषय राहिले, ते राहू द्या.

कुणी म्हणेल, हा विंडोजच्या विरोधात बोलायला आलाय. तसं नाही. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि चालते लॅपटॉप कपाटात गेले. ती यंत्रं लिनक्सवर आजही काम देतात. एक मात्र सांभाळा : टीएलपी घातलंत तर विजेचंच काम बघणारा पॉवर प्रोफाइल्स डीमन हा दुसरा प्रोग्रॅम काढा. दोघं एकाच वेळी एकच कळ ओढू लागले, की धड कुणाचंच चालत नाही.

घरी असा लॅपटॉप पडून असेल तर भंगारात घालू नका. आधी त्याची बॅटरी तपासा, फुगली असेल तर ती तेवढी बदला, मग त्यावर लिनक्स घाला आणि ते दोन आकडे स्वतःच्या हातानं लिहा.